पैसा कोणाचा, यंत्र कोणाचे?

मागच्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. विहारातील वंदना आटोपून आम्ही चपला घालीत होतो, तोच वस्तीतील एक तरुण कागदांची पिशवी घेऊन पुढे आला. "जयभीम काका, पाच मिनिटे आहेत का?" मुलगा यांत्रिकी पदविका पास झालेला. त्याचे आजोबा ड्रेनेज खात्यात आयुष्यभर गटारात उतरले आणि तेथूनच निवृत्त झाले. नातवाला दोन मित्रांसह गटारे साफ करणाऱ्या यंत्राचा व्यवसाय काढायचा आहे. हेतू असा की, यापुढे कोणाच्याही आजोबांना आत उतरावे लागू नये. अडले आहे ते पैशाशी. "गुंतवणूकदार मिळतात म्हणे, काका. नाहीतर आजोबा फंडाचे पैसे द्यायला तयार आहेत."

हे शेवटचे वाक्य ऐकून आम्ही चपला पुन्हा काढल्या आणि त्याला घेऊन पायरीवर बसलो.

आपल्या समाजाला पैसा देणे ठाऊक नाही असे कोण म्हणेल? जयंतीची वर्गणी, विहाराच्या बांधकामाला हातभार, दीक्षाभूमीच्या वाटेवरील अन्नदान, हे सारे आपण अर्धपोटी राहूनही केले. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पण ते दान. दान परत मागायचे नसते. धंद्यात घातलेला पैसा ही निराळी वस्तू आहे आणि हा फरक आपल्या घरांतून कोणी समजावून सांगितलेला नाही.

कर्ज म्हणजे काय हे सावकारापासून सोसायटीपर्यंत सर्वांना माहीत आहे. धंदा चालो वा बुडो, हप्ता भरावाच लागतो. गुंतवणूकदार हप्ता मागत नाही, तो मालकीत वाटा मागतो. हिशोब असा. तीन मित्रांच्या कंपनीची किंमत एक कोटी ठरली आणि एकाने २५ लाख घातले, तर कंपनी सव्वा कोटीची झाली आणि त्याचा वाटा २० टक्के. मित्रांकडे राहिले ८०. पुढे दुसऱ्याने तसाच पाचवा हिस्सा घेतला की ६४ उरतात, तिसऱ्याने घेतला की ५१. चौथा आला की आपल्याच कंपनीत आपण अल्पसंख्य! हे ऐकताना पोराचा चेहरा उतरला. पण उतरला तो आजच उतरलेला बरा.

वाटा देणे वाईट असे मात्र आम्ही म्हणणार नाही. केरळचे उदाहरण पाहा. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोळिकोड येथे गटारात उतरलेले दोन कामगार गुदमरले. त्यांना वाचवायला नौशाद नावाचा रिक्षाचालक धावला. तिघेही दगावले. या घटनेने मलप्पुरम जिल्ह्यातील कुट्टीपुरमच्या कॉलेजात शिकलेले विमल गोविंद आणि त्यांचे तीन मित्र हलले. त्यांनी जेनरोबोटिक्स ही कंपनी काढून मॅनहोलमध्ये माणसाऐवजी उतरणारे यंत्र बनविले. नाव ठेवले बँडिकूट, म्हणजे आपल्या गल्लीतील घूस! कामगार वर उभा राहून पडद्यावर पाहतो आणि खालचा गाळ यंत्राचा हात उपसतो. केरळ स्टार्टअप मिशन आणि तेथील जल प्राधिकरण पाठीशी उभे राहिले आणि २०१८ साली तिरुवनंतपुरमला यंत्र कामाला लागले. मग खासगी गुंतवणूकदार आले. आनंद महिंद्रा यांनी पैसा घातला, २०२२ साली झोहो कंपनीने २० कोटी घातले. क्रम लक्षात घ्यावा. आधी चालणारे यंत्र, मग ते विकत घेणारे सरकारी खाते आणि मोठा पैसा त्यानंतर. नुसत्या कळकळीवर कोणी चेक फाडीत नाही.

दुसरा मार्ग दिल्लीचा. २०१९ च्या फेब्रुवारीत तेथील जल बोर्डाने गटारसफाईची २०० यंत्रे रस्त्यावर आणली. एकेक गाडी सुमारे ४० लाखांची. पण मालकी बोर्डाची नव्हती, बड्या ठेकेदाराचीही नव्हती. ती होती सफाई काम करणाऱ्या समाजातील माणसांची आणि गटारात मेलेल्यांच्या कुटुंबियांना त्यात प्राधान्य होते. बोर्डाने काम देण्याचा करार केला, त्या बळावर स्टेट बँकेने स्टँडअप इंडिया योजनेखाली कर्ज दिले आणि २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या डिक्कीने कागदपत्रांची वाट दाखविली. (ती योजना २०१६ ते मार्च २०२५ अशी होती.) केरळात यंत्र बनविणाऱ्यांना भांडवल मिळाले, दिल्लीत यंत्र चालविणाऱ्यांना. आम्हाला दिल्लीचा मार्ग अधिक भावतो. आत उतरणारे आपले आणि यंत्र आले की मालक दुसरा, असे होऊ नये एवढेच आमचे म्हणणे.

वाटा घेणारा पैसा सरकारकडेही आहे. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी व्हेंचर कॅपिटल फंड २०१५ पासून आहे. २०२० साली त्याखाली आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन सुरू झाले. त्यात तरुणाच्या नव्या कल्पनेला तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवल देण्याची सोय केली गेली. अट अशी की कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी आपल्याच हाती हवी. वरचा ५१ चा आकडा म्हणूनच विसरू नये. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० साली दिला, परंतु दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. तो आधी काढून ठेवावा. ऐनवेळी तहसील कचेरीत खेटे घालताना आम्ही अनेकांना पाहिले आहे.

आणखी एक धोका. "वस्तीत घरटी पाच हजार गोळा करू," असे तो मुलगा म्हणाला. जयंतीची पावती फाडावी तसे शेअर विकता येत नाहीत. खासगी कंपनीला जनतेला शेअर घ्या असे आवाहन करण्याची कायद्याने मनाई आहे आणि तिचे सभासदही साधारणपणे २०० च्या वर नेता येत नाहीत. घरोघरचा पैसा एकत्र करायचाच असेल तर सहकारी संस्था नोंदवावी. तेथे एका सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर दहा असोत की हजार.

आता आजोबांचा फंड. १९९३ नंतर गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख द्यावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख केली. हे आजोबा जिवंत परत आले, म्हणून त्यांच्या हाती आहे तो फक्त फंड. तोच म्हातारा-म्हातारीचे औषधपाणी. आम्ही स्पष्ट सांगितले, की बुडाले तरी चूल पेटती राहील एवढेच घे, तेही त्यांच्या नावे शेअर लिहून. आणि त्याआधी नगरपालिकेचे किंवा मोठ्या हौसिंग सोसायट्यांचे काम मिळेल असे एक तरी लेखी पत्र आण.

तीन आठवड्यांनी तो आला. दोन सोसायट्यांची पत्रे मिळाली आहेत, नगरपालिकेत अजून फेऱ्या चालू आहेत. येत्या रविवारी जमाखर्चाचा तक्ता मांडायला बसायचे ठरले आहे. आजोबांनाही सोबत आण म्हटले आहे. कोणत्या गटारात किती गाळ साचतो आणि तो उपसायला किती वेळ लागतो, हे त्या तक्त्यात त्यांच्याशिवाय कोण भरणार?