वजीर देऊन जिंकलेला डाव

वजीर गेला की डाव गेला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने हा समज खोटा ठरविला. प्रतिस्पर्धी डोनल्ड बर्न हा अमेरिकेतील नामांकित खेळाडू. पांढरी मोहरी त्याची. त्याची चूक दिसावयास क्षुल्लक होती. राजाला किल्लेकोटात नेण्याची तयारी करावयाची सोडून अकराव्या खेळीत त्याने एकदा चाललेला उंट पुन्हा चालविला. राजा पटाच्या मध्यभागी उघडाच राहिला.

सतराव्या खेळीला बर्नच्या उंटाचा रोख फिशरच्या वजिरावर होता. फिशरने वजीर हलविलाच नाही. आपला उंट पुढे आणला! हा डाव मांडला की माझे विद्यार्थी येथेच ओरडतात, “गुरुजी, वजीर!” पण तो उंट मारावा, तर बर्नच्या राजावर घोड्याची मात ओढवत होती. म्हणून त्याने वजीर घेतला. मग उंट आणि घोडा यांनी मिळून लागोपाठ पाच शह दिले. राजा दोन घरांत येरझारा घालीत राहिला आणि मोहरी गमावीत गेला. वजिराच्या मोबदल्यात फिशरला एक हत्ती, दोन उंट व एक प्यादे मिळाले.

बर्नने डाव मध्येच सोडला नाही. एकेचाळिसाव्या खेळीला हत्तीने मात झाली, तेव्हा त्याचा वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला निरुपयोगी उभा होता.