यंत्रावरचे मुक्त भरतकाम

घरगुती शिलाई यंत्रात कापड पुढे सरकविण्याचा अंमल सुईखालच्या दात्यांकडे असतो; वर येणे, पुढे जाणे, खाली बसणे आणि मागे फिरणे ही त्यांची चतुर्विध गती, जिचे पेटंट ॲलन विल्सन या अमेरिकन संशोधकाने 1854 साली घेतले, ती आजही बहुतेक यंत्रांत कायम आहे. हे दाते उतरविले वा पत्र्याने झाकले, की त्यांचा अखत्यार संपुष्टात येऊन टाक्याची दिशा व लांबी हातांच्या स्वाधीन होते. रिंगेत कापड हातभरतकामाच्या उलट, म्हणजे यंत्राच्या पृष्ठभागाला टेकेल असे, घट्ट ताणून बसवावे. दाबाचा पाय काढला तरी त्याचा खटका खाली पाडलाच पाहिजे, कारण तो वर असेतो वरच्या दोऱ्याच्या ताणचकत्या उघड्या राहतात आणि कापडाखाली असा गुंता होतो, की त्याचा निकाल कात्रीनेच लावावा लागतो. वरचा ताण किंचित सैल असावा, म्हणजे बॉबिनचा दोरा पृष्ठावर डोकावत नाही. यंत्र जलद व हात संथ चालला, तर टाके दाट पडून पाकळी भरते; उलट हात घाईने फिरला तर टाके लांबतात, आणि सुई कापडात असताना हिसका बसला तर ती मोडते.