पत खालावली असतां मोटार घ्यावी कशी ?

शेतकऱ्याच्या दारीं मोटार असणें ही आतां निव्वळ चैनीची गोष्ट राहिलेली नाहीं. दुखणाईतास अपरात्रीं तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें, सकाळच्या लिलावास भाजी पोंचवावयाची, या सर्वांस ती उपयोगी पडते. परंतु ती घेण्याकरितां कर्ज मागावयास गेलें म्हणजे बारा एकर बागायतीच्या धन्यासही कित्येकदां नकार ऐकावा लागतो. आणि उताऱ्यावर एवढी जमीन असतां नकार कां, याचा उलगडा त्यास होत नाहीं. त्या उलगड्यापासूनच आरंभ केलेला बरा.

पूर्वीं माणसाची पत गांवांत ठरत असे. घराणें, जमीन आणि दिलेला शब्द पाळण्याची रीत, एवढ्यावर सावकार हात सैल करी. आजची पत कागदावर ठरते. २००५ सालच्या कायद्याखालीं ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या ऋणकोंची माहिती जमवितात व त्यावरून ३०० ते ९०० यांमधील एक आंकडा काढतात. तो ७५० च्या वर असला म्हणजे बँका सामान्यतः संतुष्ट असतात. तो फार खालीं गेला कीं बँक मागें सरते आणि महाग दराच्या वित्तसंस्था पुढें होतात. या अहवालांत जमिनीचें किंवा पिकाच्या उत्पन्नाचें अवाक्षर नसतें. कर्ज किती घेतलें आणि तें वेळेवर फेडलें कीं नाहीं, एवढेंच त्यांत असतें. बारा एकरांच्या धन्याचें कोडें येथें सुटतें.

शेतकऱ्याची पत बहुधा तीन वाटांनीं उतरते. पहिली वाट पीककर्जाच्या थकबाकीची. दुसरी जामिनकीची: चुलतभावाच्या ट्रॅक्टरास सही दिली, त्यानें हप्ते चुकविले, आणि डाग आपल्या अहवालांत उमटला, कारण जामीन राहिलेलें कर्जही आपल्याच नांवापुढें दाखविलें जातें. तिसरी वाट तडजोडीची. कांहीं रक्कम सोडून बँकेनें खातें मिटविलें, तर अहवालांत तें पूर्ण फेडलेलें असें न लिहितां तडजोडीनें मिटविलेलें असें लिहिलें जातें, आणि पुढील सावकार त्या शब्दाकडे बोट दाखवितो. यांपैकीं आपली वाट कोणती, हें अंदाजानें ठरवूं नये. प्रत्येक कंपनीनें वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मोटारीच्या दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं तो मागवावा. फेडलेलें कर्ज थकीत दिसत असल्यास बँकेचा दाखला जोडून लेखी तक्रार करावी. तिचा निकाल ३० दिवसांत लागला नाहीं, तर पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क २०२४ च्या एप्रिलपासून ऋणकोस मिळालेला आहे.

चूक नसून थकबाकी खरीच असेल, तर प्रश्न दराचा येतो. ४ लक्ष रुपये ५ वर्षांच्या मुदतीनें घेतले असें धरूं. घटत्या शिलकेवर ९ टक्के दर असल्यास मासिक हप्ता सुमारें ८,३०० रुपयांचा पडतो व एकूण व्याज ९८ हजारांच्या आसपास जातें. तीच रक्कम १८ टक्क्यांनीं घेतल्यास हप्ता सुमारें १०,१५० चा आणि व्याज २ लक्ष ९ हजारांचें होतें. म्हणजे खालावलेल्या पतीची किंमत एक लक्षाहून अधिक झाली. दुकानांतला माणूस मात्र हप्त्यांतील १,८५० रुपयांचाच फरक दाखवितो, आणि आपण फसतों.

याहून मोठी भूल सरसकट दराची. ज्यास फ्लॅट रेट म्हणतात, त्यांत मुद्दल फिटत गेलें तरी व्याज आरंभींच्या पूर्ण रकमेवर धरलेलें असतें. ४ लक्षांवर सरसकट ९ टक्के म्हणजे ५ वर्षांत १ लक्ष ८० हजार व्याज. घटत्या शिलकेच्या हिशेबानें तो दर सुमारें पावणेसोळा टक्के पडतो. ऐकतांना नऊ, देतांना पावणेसोळा ! १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्यानें मुख्य बाबींचें पत्रक, ज्यास की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात, देणें बंधनकारक आहे, व त्यांत शुल्कासहित एकंदर वार्षिक दर लिहावा लागतो. तोंडचे आंकडे बाजूस ठेवून दोन-तीन ठिकाणचीं हीं पत्रकें शेजारीं शेजारीं मांडावीं.

आतां थांबावें कीं घ्यावें ? आमचें मत थांबण्याकडे झुकतें, आणि त्यास हिशेबाचा आधार आहे. १८ टक्क्यांच्या कर्जास जो १०,१५० चा हप्ता द्यावयाचा, तोच वर्षभर आपल्या नांवें बाजूस टाकला, तर १ लक्ष २२ हजार जमतात. मग कर्ज २ लक्ष ७८ हजारांचेंच लागतें. दर तिळमात्र उतरला नाहीं असें धरलें तरी ४ वर्षांचें व्याज १ लक्ष १४ हजार, म्हणजे पूर्वीपेक्षां ९५ हजारांनीं कमी, आणि कर्जमुक्तीचा दिवस तोच. शिवाय अहवालांत मागील ३६ महिन्यांच्या फेडीचा तपशील दिसतो. त्या वर्षांत पीककर्ज मुदतींत भरलें, तर पुढचा दरही उतरण्याचा संभव आहे. अर्थात् ज्याचा मालच गाडीवांचून बाजारीं पोंचत नाहीं, त्यास हा उपदेश लागूं नाहीं. त्यानें भाड्याचा खर्च व हप्ता यांची तुलना करूनच ठरवावें.

जुनी मोटार रोखीनें घेणें हा मधला मार्ग आम्हांस पुष्कळदां शहाणपणाचा वाटतो. मात्र नोंदणीपुस्तकावर दुसऱ्या कोणा बँकेचा बोजा नाहीं, विमा चालू आहे, दंड थकलेला नाहीं, आणि १५ वर्षांच्या नोंदणीपैकीं किती वर्षें उरलीं, हें पाहिल्यावांचून विसार देऊं नये. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा; त्याची मजुरी वायां जात नाहीं.

कर्ज काढावयाचेंच ठरलें, तर हप्त्यांची तारीख पिकाच्या पैशाशीं जुळवून घ्यावी. उसाचें किंवा कापसाचें बिल महिन्याच्या महिन्यास येत नाहीं. नोकरदारासाठीं आंखलेला मासिक हप्ता शेतकऱ्यास तिसऱ्याच महिन्यांत थकवितो. वाहनासाठीं तिमाही व सहामाही हप्ते देणाऱ्या वित्तसंस्था आहेत. तशी सोय आधीं मागावी. हप्ते थकल्यावर धनको गाडी ओढून नेऊन विकतो, आणि विक्रींतून कर्ज न फिटल्यास उरलेली बाकी ऋणकोच्याच माथीं राहते. गाडी गेली व देणें राहिलें, अशी ती स्थिति.

मोटारीसाठीं जमीन गहाण टाकूं नये, याविषयीं आमचा दुसरा विचार नाहीं. जी वस्तु दरवर्षीं उतरते, तिच्यासाठीं न उतरणारी वस्तु कां अडकवावी ? धाकट्या भावाच्या नांवावर कर्ज काढण्याची युक्तिही पुष्कळ करितात. हप्ता चुकला म्हणजे एका घरांत दोन पती बुडतात, आणि वांटणीच्या वेळीं गाडी कोणाची हा वाद निराळाच.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम आटोपलें असें समजूं नये. धनकोकडून ना-हरकत दाखला व सही केलेला नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयांतून नोंदणीपुस्तकावरील बोजा उतरवून घ्यावा, आणि दोन महिन्यांनीं पुन्हां अहवाल मागवून खातें पूर्ण फेडलेलें असें लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहावें.