बंगळूरला बसलेली घडी

जे. पी. नगरात घर घेतलेल्या मराठी माणसाला आपण परमुलखात आलो असे वाटत असेल, तर लालबागेपलीकडच्या जुन्या पेठेचा इतिहास त्याने जरूर वाचावा.

१६३६ साली निजामशाही बुडाली. ती सावरू पाहणारे शहाजीराजे हरले आणि आदिलशाहीच्या चाकरीत दक्षिणेला आले. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने केंपेगौडा तिसरा याच्याकडून बंगळूर घेतले, ते राजांच्या जहागिरीत आले. गौडाला मागडी मिळाली. पाळेगार खंडणी देऊन आपापल्या जागी नांदू लागले. कोलार, होसकोटे, बाळापूर भागांत देशपांडे, कुलकर्णी ही आपल्याकडची पदे रुजली. नाव आदिलशहाचे, घडी राजांची!

१६४० च्या सुमारास जिजाऊ आणि बालशिवाजी इथे राहून गेले. पुण्याला परतताना राजांनी मुलाबरोबर हत्ती-घोडे दिले, तसेच पेशवा, मुजुमदार, डबीरही दिले. बारा वर्षांच्या पोराला हत्तींपेक्षा ही कारभारी माणसेच अधिक कामी आली असतील, नाही का?

धाकट्या व्यंकोजींनी पुढे तंजावर घेतले. ते राज्य १८५५ पर्यंत चालले. बंगळूर मात्र १६८७ नंतर म्हैसूरकरांकडे गेले. राजे स्वतः १६६४ साली शिकारीत घोड्यावरून पडून गेले. चन्नगिरीजवळ होदिगेरे गावी त्यांची समाधी आहे.