खोबणीतला एक बदल

मावळातल्या तळेगाव दाभाड्याच्या शाळा-अंगणवाड्यांत मुले अल्बेंडाझोलची गोळी चावून खातात, तो राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला. गोळीचे कूळ मात्र जुने आहे, आणि त्याचा इतिहास मुलांपेक्षा मेंढ्यांनी अधिक घडवला. १९६१ मध्ये त्याच कुळातले थायाबेंडाझोल आले. १९६४ पर्यंत अमेरिकेत त्याला न जुमानणारा हिमॉन्कस, म्हणजे मेंढीच्या जठरात रक्त पिणारा जंत, नोंदलाही गेला. या साठ वर्षांकडे पाहता वाटते, मोहिमेचे यश वाटलेल्या गोळ्यांत मोजू नये. गोळीनंतर विष्ठेत किती अंडी उरली, त्यावर मोजावे.

कारण औषध चिकटते त्या जागेतच आहे. जंताच्या पेशीत बीटा-ट्युब्युलिन नावाचे प्रथिन असते, त्याच्या कणांपासून पेशीतल्या सूक्ष्म नळ्या बनतात. अल्बेंडाझोल त्या प्रथिनाच्या खोबणीत बसते. नळ्या जुळत नाहीत, जंताला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. माणसाच्या ट्युब्युलिनवर औषधाची पकड सैल, म्हणून मूल सुखरूप राहते. पण खोबणीचा भरवसा किती, ते १९९४ मध्ये उघड झाले: औषधाला दाद न देणाऱ्या हिमॉन्कसमध्ये दोनशेव्या जागी फेनिलअ‍ॅलानिनऐवजी टायरोसिन होते. एका अमिनो आम्लाचा फरक, आणि सगळ्या कुळाची औषधे निकामी! आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाची जागा वेगळी, चेतापेशींतले क्लोराइडचे मार्ग; पण मेंढ्यांच्या जंतांनी त्यातूनही वाट काढलीच.

यावर आक्षेप येईल की मेंढ्यांना वारंवार औषध पाजतात, मुलांना वर्षातून एकदा-दोनदाच. आक्षेप खरा आहे. शिवाय मोठ्यांच्या पोटातले आणि मातीतले जंत औषधापासून दूर राहतात, त्यामुळे औषधाला बळी पडणारा वंश टिकून राहतो. मात्र अमेरिकेत शर्यतीच्या कुत्र्यांना सतत औषध दिल्यावर त्यांच्या अंकुशकृमींत याच खोबणीतला बदल सापडला, आणि माणसाचा अंकुशकृमी त्यांचा जवळचा भाऊबंद. उद्या सगळ्या गावालाच गोळी द्यायचे ठरले, तर तो आडोसाही आटेल. तपासणी परवडणार नाही, हा दुसरा आक्षेप मला फारसा पटत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने कोकरांच्या लेंड्यांतली अंडी मोजून कोणते वाण जंतांना तोंड देते ते पारखले आहे. मावळातल्या चार-दोन शाळांतून गोळीआधी आणि नंतर दोन-तीन आठवड्यांनी नमुने घ्यायला सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ पुरेत.