उसाच्या पानाचे वय सांगणारा प्रकाश

कृष्णाकाठचा ऊस पिवळा दिसू लागला की जाणता शेतकरी आधी पाहतो, पिवळेपणा शेंड्याला आहे की खाली? चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळेनासे होते. जुन्या पानातले लोह नव्या पानाकडे सहसा जात नाही, म्हणून शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. हाच केवडा. नत्र मात्र जुन्या पानातून निघून नव्या पानाला मिळते. ते कमी पडले की खालची पाने आधी पिवळी होतात. रंग एकच, कारणे दोन. निवाडा होतो तो पानाच्या वयावरून.

हे वय प्रकाशातही उमटते. पानावर पडलेल्या प्रकाशातला निळा आणि लाल भाग हरितद्रव्य शोषून घेते. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशी आणि त्यांमधल्या हवेच्या पोकळ्यांमुळे मोठ्या प्रमाणात परत फिरतो. कोवळ्या पानात हरितद्रव्य थोडे असते. पान पक्व होत गेले की लाल प्रकाश अधिक शोषला जातो आणि ७०० नॅनोमीटरच्या आसपास परावर्तनाची जी एकदम चढण असते, ती लांब लहरींकडे सरकते. पान जून होऊन हरितद्रव्य विरू लागले की ती चढण मागे येते. वर्णपटमापकाच्या आलेखात हा प्रवास स्पष्ट दिसतो.

शेतात वापरायचे सोपे उपकरण म्हणजे स्पॅड मापक. पान त्याच्या जबड्यात धरायचे, मधली शीर टाळायची आणि दाबायचे. ६५० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश पानातून आरपार जातात. पहिला हरितद्रव्य शोषते, दुसऱ्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही; दोहोंच्या तुलनेतून एक आकडा मिळतो. मोजलेली जागा जेमतेम दोन बाय तीन मिलिमीटर, म्हणून एकाच पानावर अनेक ठिकाणी मोजून सरासरी काढावी लागते.

पण कोवळे पान आणि उपाशी जुने पान, दोघांचाही आकडा कमीच येतो. म्हणून पाते आणि खोळ यांचा सांधा स्पष्ट दिसणारे सर्वांत वरचे पान पहिले धरून खाली मोजायचे आणि दरवेळी त्याच क्रमांकाचे पान घ्यायचे. तासगावच्या द्राक्षबागेतही परीक्षणासाठी देठ खुडताना छाटणीनंतरचे दिवस आणि काडीवरची पानाची जागा पाहतात. शिवाय जातीगणिक हिरवेपणा बदलतो, त्यामुळे आकड्याचा अर्थही जातीगणिक ठरवावा लागतो. फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ पासून मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे. अशा मोजमापाला याहून हक्काची जागा कोणती?

केवड्याला लोह पुरवणारे हिराकस हवे. तिथे युरियाची गोणी ओतली तर पैसा जातो आणि पिवळेपणा तसाच राहतो. मापक गावोगाव पोचावेच. पण त्याच्या आधी कोणते पान मोजायचे ही शिस्त बांधावर पोचली पाहिजे.