आत्म्याची तलवार कुणावर उगारायची?

श्रद्धेची शस्त्रसामग्री : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात आपण विश्वासाची ढाल आणि तारणाचे शिरस्त्राण पाहिले. कंबरपट्टा, उरस्त्राण, पायातले जोडे, ढाल, शिरस्त्राण. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली ही पाचही साधने अंग राखणारी आहेत. वार करणारे साधन एकच, ते सहावे. पौल त्याला आत्म्याची तलवार म्हणतो आणि ती म्हणजे देवाचे वचन, असा खुलासाही करतो. मग थांबत नाही. त्याच दमात प्रार्थनेवर येतो आणि सर्व प्रसंगी, जागे राहून, सगळ्या पवित्र जनांसाठी प्रार्थना करायला सांगतो.

वचन आणि प्रार्थना त्याने एकत्र सांगितली, आपण मात्र त्यांची फारकत करून टाकली. वचन पाठांतराच्या स्पर्धेला आणि प्रार्थना आजारपणाला, अशी वाटणीच झाली आहे. ही फारकत झाली की तलवार भलत्याच माणसावर चालते, हे आजच्या लेखांकात पाहायचे आहे.

शत्रू कोण, हे आधी ठरवा

लढाई म्हणजे काय, हे आपल्या जालना जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा नदीच्या परिसरात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्लीचे इंग्रजी सैन्य समोरासमोर आले. मराठ्यांकडे तोफा भरपूर होत्या, आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंची मिळून हजारो माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. तिथे शत्रू डोळ्यांना दिसत होता. त्याचा गणवेश वेगळा होता, निशाण वेगळे होते.

पौलाने सांगितलेल्या लढाईत ही सोय नाही. आपले झगडणे रक्तमांसाच्या माणसांशी नाही, हे तो शस्त्रांची यादी देण्याआधीच स्पष्ट करतो. म्हणजे समोरचा माणूस, मग तो कितीही छळणारा असो, या लढाईतला शत्रू नाही. शत्रू आहे तो त्याला आणि आपल्यालाही वेठीला धरणारा अंधार. मराठी माणसाला हा विचार परका वाटू नये. याच जिल्ह्यातल्या जांबेला १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी शेकडो श्लोक रचले ते स्वतःच्या मनाला समजावण्यासाठी. तुकोबांनीही रात्रंदिवस चाललेले युद्ध बाहेरच्या जगाशी तसेच आतल्या मनाशी असल्याचे सांगितले. श्रद्धा वेगळी, दैवत वेगळे. पण खरी रणभूमी आत असते, ही जाण या मातीत जुनी आहे.

पौल हे लिहीत होता तेव्हा स्वतः कैदेत होता. रोमी शिपाई त्याच्या पहाऱ्याला होता. शस्त्रांची सगळी वर्णने कदाचित समोरच्या त्या माणसाकडे पाहूनच सुचली असतील. त्या शिपायाच्या कमरेची तलवार आखूड असे, हातभर लांबीची. ती दुरून फेकायची नसे, अगदी अंगाशी आलेल्यालाच तिने परतवायचे. पौलाने वचनासाठी हीच तलवार निवडली. हवेत फिरवायला ती नाही. मोह अंगाला येऊन भिडतो, त्या नेमक्या घटकेसाठी ती आहे.

सैतानालाही वचन पाठ होते

वचन शस्त्र म्हणून कसे वापरायचे, याचा सर्वांत स्वच्छ धडा मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूला भूक लागली आणि परीक्षक जवळ आला. येशूने तीनदा उत्तर दिले आणि तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातले वचन वापरले. ही उत्तरे आली त्या पुस्तकातल्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून. तिथे मोशे रानातल्या चाळीस वर्षांची आठवण इस्राएलाला करून देतो: भुकेची, मान्न्याची, देवाची परीक्षा पाहण्याच्या चुकीची. येशूही रानातच उभा होता. ज्या प्रसंगासाठी जे वचन, तेच त्याच्या ओठी आले.

या प्रसंगातली दुसरी बाजू आपण घाईत वाचून जातो. मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतान उडी टाकायला सांगतो तेव्हा तोही वचनच काढतो. ९१ वे स्तोत्र, देवदूत तुला हातांवर झेलतील या अर्थाचे. वचन खरे, पण लावले उलटे. विश्वासाने जगणाऱ्याला दिलेला दिलासा त्याने देवाला कोंडीत पकडायला वापरला. येशूचे उत्तर असे, की शास्त्रात आणखीही काही लिहिले आहे. एका ओळीला पूर्ण शास्त्राच्या उजेडात वाचणे, हाच त्याचा बचाव होता.

हे फार जुने झाले, असे कुणी म्हणू नये. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कितीतरी ख्रिस्ती घरांत रोज संध्याकाळी हेच ९१ वे स्तोत्र वाचले जात होते. ज्या घरात ते वाचून मन स्थिर झाले, शेजारच्या आजाऱ्याच्या दारात डबा पोहोचला, तिथे ती तलवार बरोबर चालली. पण स्तोत्र वाचले की मास्क कशाला आणि डॉक्टर कशाला, असे जिथे ठरले, तिथे शिखरावरून उडी मारायचा तोच जुना सल्ला नव्या तोंडाने दिला जात होता.

झोपेतून उठलेल्या हातात तलवार

प्रार्थना वगळली की काय होते, ते गेथशेमाने बागेत दिसते. येशू जमिनीवर पडून प्रार्थना करतो आहे. पेत्राला त्याने जागे राहून प्रार्थना करायला सांगितले आहे, मोहात पडू नये म्हणून. पेत्र झोपतो. त्याला उठवले जाते. तो पुन्हा झोपतो. मग शिपाई येतात, आणि सगळ्यात आधी तलवार उपसतो तो हाच पेत्र. योहान त्या जखमी दासाचे नावही सांगतो, मल्ख. उजवा कान तुटतो. येशू पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगतो, आणि लूक लिहितो की त्याने त्या कानाला स्पर्श करून बरे केले.

पेत्राकडे धैर्य नव्हते असे नाही. वचनाचीही टंचाई नव्हती, तीन वर्षे तो गुरूच्या पायाशी बसला होता. कमी पडली ती त्या रात्रीची प्रार्थना. म्हणून शत्रू ओळखण्यात तो चुकला: भीती आत होती आणि घाव मल्खाच्या कानावर पडला. काही तासांनी अंगणातल्या शेकोटीजवळ एका दासीच्या साध्या प्रश्नाने तोच शूर गडी ढासळला.

आपल्या मंडळ्यांतही असे तुटलेले कान कमी नाहीत. सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात मुद्दाम वाचलेला नीतिसूत्रांचा अध्याय. कुणाचे नाव न घेता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेले वचन, ज्याचा रोख साऱ्या ग्रुपला कळतो. मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेबाचा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला काढलेला रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. वचन सगळीकडे देवाचेच आहे, पण वार करणारा हात आधी गुडघ्यावर आलेला नाही. इब्री लोकांस पत्रात वचनाला दुधारी तलवारीहून तीक्ष्ण म्हटले आहे, आणि ती तलवार अंतःकरणातले विचार व हेतू पारखते, असेही लगेच सांगितले आहे. कुणाच्या अंतःकरणातले? वाचणाऱ्याच्या. पहिला छेद आपल्यालाच द्यावा लागतो. प्रार्थना म्हणजे त्या छेदाखाली मुकाट्याने बसणे.

वर्षाचे वचन

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर अनेक मंडळ्यांत वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. ताट फिरते, प्रत्येकजण गुंडाळी उचलतो, उलगडून वाचतो, कुणी डोळ्यांना लावतो. ती चिठ्ठी वर्षभर पाकिटात किंवा पवित्र शास्त्राच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात राहते. पद्धत गोड आहे, तिला नावे ठेवायची नाहीत. पण चिठ्ठीवर धमकीचे किंवा ताकीद देणारे वचन कधी निघते का? निघत नाही, कारण आपण ते आधीच वगळलेले असते. मग ती चिठ्ठी ताईत होते.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन या ताटात हमखास असते. देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत, असा त्याचा दिलासा. आता त्याचा संदर्भ पाहा. ते बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले वाक्य आहे. लवकर सुटका होईल असे त्यात नाही. सत्तर वर्षे लागतील असे आहे. तोवर काय करायचे? घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या परक्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दिलाशाच्या वचनाला जोडूनच कामाची आणि प्रार्थनेची एवढी यादी येते. चिठ्ठीवर ती मावत नाही, एवढेच.

बेथेलची शस्त्रे

यिर्मयाच्या पत्रातल्या या यादीप्रमाणे जगलेली वस्ती पाहायची तर जालन्याबाहेर फार लांब जावे लागत नाही. तिची कथा मात्र मुंबईत सुरू होते. १८४३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांकडे शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. श्रीपतला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, त्यावरही गदारोळ उठला. इकडून तिकडून धर्मवचने उगारली गेली. घाव एका घराला बसला आणि दोन भाऊ दोन बाजूंना राहिले. ख्रिस्ती वाचकाने हा भाग विजयाची गोष्ट म्हणून वाचू नये.

१८५४ मध्ये पाळकपणाची दीक्षा घेतलेले हेच शेषाद्री १८६० च्या दशकात जालन्याला आले. हा निजामाचा मुलूख, इथे इंग्रजी कायद्याचे पाठबळ नव्हते. त्यांच्याभोवती जमलेले लोक बहुतेक मांग आणि महार समाजातले, गावकुसाबाहेरचे. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसले. घरे बांधली, शेती केली, शाळा काढली, उपासनामंदिर उभे केले. एका मुसलमान राज्यात, मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर ख्रिस्ती वस्ती! रक्तमांसाशी आपले भांडण नाही, याचा याहून ठळक दाखला कोणता देणार?

ज्यांच्या कानी धर्मग्रंथ पडणेही पिढ्यानपिढ्या निषिद्ध होते, त्यांच्या हाती ग्रंथ आला आणि तो मराठीत होता. ही खरी तलवार. तिने कुणाचा कान तुटला नाही. आपण जन्मतःच हलके आहोत, ही मनात रुजवलेली समजूत मात्र तुटू लागली. ती पूर्ण तुटली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. जात पुढे चर्चच्या बाकांवरही येऊन बसली आणि सोयरीक जुळवताना आजही डोके वर काढते. म्हणून ही लढाई इतिहासजमा झालेली नाही.

पंडिता रमाबाईंनीही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वचन आणि प्रार्थना ही दोन्ही शस्त्रे एकत्र ठेवली. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईलाही कळावे म्हणून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. खिळे जुळवणे, छपाई, ही कामे मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच आश्रमात १९०५ च्या संजीवनाआधी, म्हणजे आत्मिक जागृतीआधी, स्त्रिया रोज प्रार्थनेला जमत होत्या. दुष्काळातून वाचलेल्या आणि विधवा म्हणून टाकलेल्या बायका एका हाताने वचन छापत होत्या आणि दोन्ही हात जोडून प्रार्थना करत होत्या.

या आठवड्याचा सराव

विळ्याला धार लावायची ती कापणीच्या आदल्या संध्याकाळी, पिकात उभे राहून नव्हे. तेव्हा पुढील चार गोष्टी मोहाच्या आधी, शांत वेळी करा.

एक, आपली लढाई एका ओळीत वहीत लिहा. 'सैतान त्रास देतो' असे मोघम नको. 'पगाराच्या दिवशी देशीच्या दुकानापुढून सरळ घरी येता येत नाही', 'भावाने बांध कोरला त्याचा राग जात नाही', 'कर्जाचा आकडा आठवला की जगणे नको वाटते', असे नेमके लिहा. यातले शेवटचे वाक्य तुमचे असेल तर आजच घरच्यांना, पाळकांना आणि डॉक्टरांना सांगा. मदत मागणे हाही विश्वासच आहे.

दोन, त्या लढाईसाठी एक वचन निवडा आणि त्याचा पूर्ण अध्याय तीनदा वाचा. ओळ पाठ करा, पण अध्यायासकट.

तीन, त्याच वचनाची प्रार्थना करा. आधी स्वतःला त्याखाली ठेवा, मग ज्याच्यामुळे त्रास होतो त्याचे नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी मागा. नाव घेताना जीभ अडखळली तर लढाई सापडली, असे समजा.

चार, प्रार्थनेतून उठल्यावर एक कृती करा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात म्हटले आहे की देव मोहाबरोबर निभावाची वाटही ठेवतो. एमआयडीसीतल्या स्टीलच्या कारखान्यातून सुटणाऱ्या माणसासाठी ती वाट म्हणजे कधी कधी अक्षरशः दुसरा रस्ता असतो: दुकान टाळून जाणारा, दहा मिनिटे लांबचा. सोबतीला मंडळीतला एखादा भाऊ, आणि पगार हातात पडताच बायकोला केलेला फोन. प्रार्थनेचे उत्तर याहून अद्भुत असले पाहिजे, असा हट्ट धरू नये.

बेड्यांत असलेल्या पौलाने इफिसच्या मंडळीकडे स्वतःसाठी प्रार्थना मागितली, ती कोणती? सुटका व्हावी, अशी नव्हे. तोंड उघडताच सुवार्ता निर्भयपणे बोलता यावी, एवढेच त्याने मागितले. आपल्या प्रार्थनेच्या यादीत अशी मागणी कितव्या क्रमांकावर आहे, तेही त्याच वहीत तपासून पाहा.

पुढील लेखांकात : उपास आणि साखळी प्रार्थना. मंडळी मिळून प्रार्थना करते तेव्हा काय घडते, आणि दिखावा कुठे सुरू होतो?